करंगळीसाठी शब्द

दारव्हा तालुक्यातील एका मोठ्या गावात, बसस्टँडच्या मागे, माझी टंकलेखनाची छोटी संस्था आहे. परीक्षा आता संगणकावर होते, म्हणून पुढच्या खोलीत संगणक मांडलेले आहेत. मात्र मागच्या खोलीत हाताने चालवायची चार यंत्रे मी अजून तेलपाणी करून ठेवली आहेत आणि नव्या विद्यार्थ्याला पहिला महिना त्यांच्यावरच बसवतो. यावरून पालक माझ्याशी वाद घालतात. माझे म्हणणे इतकेच असते की संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक अक्षर सारखेच काळे उमटते, मग दाबणारे बोट बळकट असो की दुबळे. जुन्या यंत्रावर मात्र दुबळ्या बोटाचे अक्षर फिकट येते आणि दुखणे कुठे आहे ते कागद पाहताक्षणी कळते.

दोन वर्षांपूर्वी ऐन सोंगणीनंतर एक विद्यार्थिनी दाखल झाली. सोयाबीन सोंगताना डाव्या मुठीत धांडे धरलेले असतात आणि उजव्या हातात विळा असतो. तो विळा तिच्या डाव्या करंगळीवर बसला होता. जखम भरून आली होती, पण बोट आखडलेलेच राहिले होते. आठवडाभराने तिने दिलेला कागद मी खिडकीपाशी धरून पाहिला. 'ए-एस-डी-एफ-जी-एफ' या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या पहिल्या धड्याच्या तीस ओळी होत्या, रांगा सरळ होत्या, समासही नीट राखला होता. फक्त जिथे जिथे 'ए' आले होते तिथे तिथे ते पावसात भिजल्यासारखे पुसट होते. काही ठिकाणी तर नुसता टिंबाएवढा डाग उमटला होता.

"सर, करंगळी दबूनच नाही राह्यली," ती म्हणाली आणि तिने हात ओढणीखाली घेतला.

कळफलकाच्या मांडणीत डाव्या करंगळीच्या वाट्याला वरून खाली क्यू, ए आणि झेड ही तीन अक्षरे येतात. म्हणजे मला असे इंग्रजी शब्द हवे होते की ज्यांत ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतील. 'एक्यूएझेड एक्यूएझेड' अशी निरर्थक ओळ शंभर वेळा मारून घेता येतेच, आणि माझ्या गुरुजींनी माझ्याकडून ती मारूनही घेतली होती, पण अशा ओळीत पाचव्या मिनिटाला डोके झोपी जाते आणि बोट चुकीच्या सवयीनेच चालत राहते. तीन-चार अक्षरांचे शब्दही फारसे उपयोगाचे नसतात, कारण आठ-दहा वेळा मारले की ते बोटांना एका गठ्ठ्यासारखे पाठ होतात. लांब शब्दाचे तसे नसते. तो डोळ्यांनी पुढे वाचावाच लागतो, आणि हवे ते अक्षर शब्दाच्या पोटात कुठेतरी दडलेले असले तर बोटाला तिथपर्यंत तयारीत राहावे लागते.

मग शोध सुरू झाला, आणि पहिली अडचण अशी आली की ती आपल्याला आधी कधीच का जाणवली नाही याचे मला नवल वाटले. शब्दकोश शब्दांना पहिल्या अक्षराच्या दाराशी उभे करतो. झेडने सुरू होणारे शब्द पाहायचे तर शेवटची काही पाने उघडावीत, काम झाले. परंतु ज्यांच्या मध्यभागी झेड आहे असे शब्द कोशभर विखुरलेले असतात आणि त्यांना एकत्र आणणारी कोणतीही सोय कागदी कोशात नसते. गावातला माणूस आडनावावरून सापडतो. उजव्या गालावर तीळ असलेली माणसे शोधायची म्हटली तर घरोघर फिरण्याखेरीज मार्ग नाही, तसाच हा प्रकार आहे. मी एक दोनशे पानी वही घेतली, अंगठे सोडून आठ बोटांची आठ पाने आखली आणि घरोघर फिरू लागलो.

फिरताना हळूहळू कळते की अक्षरे कुठेही मोकाट येत नाहीत. झेड हे अक्षर इंग्रजीत दुर्मीळ खरे, पण क्रियापदाचे नाम करताना लागणाऱ्या 'आयझेशन' या शेपटात ते हमखास सापडते. 'ऑर्गनायझेशन', 'जनरलायझेशन', 'नॅचरलायझेशन' असे शब्द मी भराभर लिहीत गेलो आणि 'ईक्वलायझेशन' या शब्दावर थांबलो. ई-क्यू-यू-ए-एल-आय-झेड-ए-टी-आय-ओ-एन. बारा अक्षरे, त्यांत क्यू एकदा, झेड एकदा, ए दोनदा, म्हणजे बारापैकी चार ठोके डाव्या करंगळीचे. वर ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर त्यात हजर. अर्थ समानीकरण, म्हणजे सरकारी पत्रव्यवहारात शोभणारा. पण इथे एक गंमत आहे. आपल्या शाळांत बहुतेकदा याच शेपटात झेडऐवजी एस लिहायला शिकवतात. दोन्ही रूपे इंग्रजीत चालतात, ऑक्सफर्डच्या प्रथेत तर झेडच लिहितात. वाचणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, टंकलेखकाला मात्र पडतो: झेड लिहिले तर ठोका करंगळीचा, एस लिहिले तर शेजारच्या अनामिकेचा. स्पेलिंगच्या या वादात मी आजन्म झेडच्या बाजूने राहणार, त्याचे कारण भाषेत नसून बोटात आहे.

क्यूचे वागणे याहून शिस्तीचे. त्याच्या पाठोपाठ यू येतोच, अपवाद बहुधा आपल्याकडून तिकडे गेलेल्या 'कव्वाली', 'फकीर' अशा शब्दांच्या स्पेलिंगांत सापडतात. लांब शब्द हवे असतील तर 'ऍक्विझिशन' आणि 'रिक्विझिशन' ही जोडी आमच्या भागात कोणालाही अनोळखी नाही, कारण धरण, कालवा, महामार्ग यांच्या भूसंपादनाच्या नोटिसांत पहिला शब्द गावोगाव पोहोचलेला आहे. तेरा अक्षरांचे 'क्वेश्चनेअर' आणि दोन क्यू असलेले, पंचवार्षिक अशा अर्थाचे 'क्विन्क्वेनिअल' हेही वहीत गेले. 'क्विझिकल' या नऊ अक्षरांच्या शब्दात क्यू, दोन झेड आणि एक ए, असे चार ठोके मिळाले. मग एका रात्री 'रॅझमॅटॅझ' सापडला. आर-ए-झेड-झेड-एम-ए-टी-ए-झेड-झेड, म्हणजे डोळे दिपवणारी, कानठळ्या बसवणारी धामधूम. दहा अक्षरांपैकी सात डाव्या करंगळीची. मी तो शब्द स्वतः मारून पाहिला आणि चौथ्या वेळी माझीच करंगळी कोपरापर्यंत भरून आली.

या सुमारास पुढच्या खोलीतला एक चुणचुणीत मुलगा मला मोबाईलवर इंग्रजीतला सर्वांत मोठा शब्द दाखवायला आला. मोठ्या कोशांत नोंदलेला तो शब्द म्हणजे 'न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस', ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका-धुळीने फुप्फुसाला होणारा विकार. 1935 साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो मुद्दाम लांबी गाठण्यासाठीच घडवला होता. टंकलेखनात पाच ठोके म्हणजे एक शब्द असा हिशेब धरतात. त्या हिशेबाने हा पंचेचाळीस अक्षरांचा एकटा शब्द नऊ शब्दांच्या बरोबरीचा होतो आणि मिनिटाला तीस शब्दांच्या गतीने तो मारायला अठरा सेकंद लागतात. मुलाला ते फार आवडले. मी मात्र पेन्सिल घेऊन अक्षरे मोजली. पंचेचाळीस अक्षरांत वेगवेगळी अक्षरे अवघी चौदा; ओ नऊ वेळा, सी सहा वेळा, आय सहा वेळा, इंग्रजीत सर्वाधिक वापरले जाणारे ई फक्त एकदा. आणि माझ्या कामाचे काय? ए दोनदा, क्यू एकदाही नाही, झेड एकदाही नाही. पंचेचाळीस ठोक्यांत आमच्या करंगळीला दोनच ठोके, आणि तिकडे दहा अक्षरांच्या 'रॅझमॅटॅझ'मध्ये सात. एकोणतीस अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन' हाही असाच दिखाऊ निघाला. त्यात नऊ वेळा आय आहे, म्हणजे उजव्या मधल्या बोटाची चैन, ए मात्र पुन्हा दोनदाच. लांबीची हौस तिथेच फिटली. शब्दाची किंमत त्याच्या उंचीवरून न करता त्यातले ठोके कोणत्या बोटावर पडतात यावरून करायची, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आणि मग त्या दृष्टीने शोधायला सुरुवात केली.

या दृष्टीने पाहिले की कळफलक वेगळाच दिसू लागतो. मधल्या ओळीत स्वर एकच, ए. म्हणून केवळ त्या ओळीवर होणाऱ्या शब्दांत दुसरा स्वर येऊच शकत नाही. पहिल्या आठवड्याच्या विद्यार्थ्याला मी 'अल्फाल्फा' देतो. सात अक्षरे, पण बोटे तीनच लागतात, आणि ही म्हणजे आपली लसूणघास, जिचा भारा कित्येकांच्या सायकलला बांधलेला असतो. खालच्या ओळीत स्वर अजिबात नाही, त्यामुळे तिथे शब्दच होत नाही. वरच्या ओळीत मात्र चंगळ आहे: 'प्रॉपर्टी', 'टेरिटरी', 'प्रोप्रायटर', 'पर्पेच्युइटी' हे खरेदीखतातले शब्द सगळेच्या सगळे वरच्या ओळीवर होतात, आणि खुद्द 'टाइपरायटर'ही. विक्रेत्याला नाव चटकन मारून दाखवता यावे म्हणून मांडणीच तशी केली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. मला ती फार गोड वाटते आणि म्हणूनच खरी वाटत नाही.

एकाच हाताने मारता येणारे शब्दही वहीत आले. डाव्या हाताचे 'रिव्हर्बरेटेड' आणि 'डिसेग्रिगेटेड', प्रत्येकी बारा अक्षरांचे; उजव्या हाताचे 'मोनोपोली', 'लॉलीपॉप' आणि आमच्या कुंपणावरचे कोहळे, म्हणजे 'पम्पकिन'. पण मला सर्वांत देखणे वाटतात ते आळीपाळीने चालणारे शब्द, ज्यांत एक ठोका डावा तर पुढचा उजवा पडतो. 'चेअरमन' तसा आहे, 'प्रॉब्लेम' तसा आहे, 'ऑथेंटिसिटी' या बारा अक्षरांच्या शब्दात एकही पाऊल चुकत नाही आणि 'डिसमँटलमेंट' तर तेरा अक्षरे तसाच चालतो. जुन्या यंत्रावर हे शब्द मारताना भजनातल्या टाळांसारखा आवाज येतो. याउलट 'बुककीपर'. ओ-ओ, के-के, ई-ई अशी सलग तीन जोडअक्षरे असलेला हा शब्द सोसायटीच्या कारकुनाच्या नोकरीच्या अर्जात नेमका लागतो आणि तिथेच लय मोडते.

इतके सगळे दुबळ्या करंगळीच्या नशिबी का आले, याचे उत्तर इतिहासात सापडते. ख्रिस्तोफर शोल्स यांच्या यंत्राचे पेटंट 1868 चे आणि रेमिंग्टनने ते बाजारात आणले 1874 मध्ये. त्या काळी मारणारा माणूस कळांकडे बघत दोन-चार बोटांनीच काम करी, त्यामुळे कोणती कळ कोणत्या बोटाला येईल याचा हिशेब मांडणीत असण्याचे कारणच नव्हते. दहाही बोटे वापरून, न पाहता मारण्याची पद्धत 1888 साली सिनसिनाटी इथल्या स्पर्धेत फ्रँक मॅक्गरिन यांच्या विजयामुळे गाजली. म्हणजे कळा आधी मांडल्या गेल्या आणि बोटे नंतर त्यांच्यावर नेमली गेली; ए हे इंग्रजीत अतिशय वापरले जाणारे अक्षर हाताच्या सर्वांत दुबळ्या बोटाला मिळाले ते असे. घर बांधून झाल्यावर खोल्या वाटल्या की धाकट्याच्या वाट्याला पडवी येते, तसेच.

त्या मुलाच्या मोबाईलने पुढे मला मदतही केली, ती नाकारण्यात अर्थ नाही. एका अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांच्या जागी तारका लिहून शोध घेतला की क्यू आणि झेड दोन्ही असलेले शब्द क्षणात समोर येतात. पण त्या यादीत निम्मे शब्द असे असतात की ते त्या विद्यार्थिनीच्या कानावर कधी पडलेले नसतात आणि पडण्याचा संभवही नसतो. अनोळखी शब्द मारताना विद्यार्थी एकेक अक्षर उचलतो, शब्द उचलत नाही. मला लांब, विचित्र अक्षरांचे आणि तरीही आमच्या गावात रोज ऐकू येणारे शब्द हवे होते, आणि असे शब्द असणार नाहीत अशी माझी खात्री झाली होती.

ते मला कृषी सेवा केंद्रात सापडले. खत घ्यायला गेलो होतो, पुढे चार माणसे होती, आणि उभ्या उभ्या समोरच्या फळीवरच्या बाटल्यांची नावे वाचत होतो. मोठ्या अक्षरांतली कंपन्यांची नावे सोडून खालची बारीक अक्षरातली औषधाची नावे. 'इमॅझेथापायर', सोयाबीनमधल्या तणासाठी: आय-एम-ए-झेड-ई-टी-एच-ए-पी-वाय-आर. अकरा अक्षरे, तीन ठोके डाव्या करंगळीचे आणि पी हा उजव्या करंगळीचा. शेजारी 'क्विझालोफॉप', गवतवर्गीय तणासाठी: दहा अक्षरांत क्यू, झेड, ए आणि शेवटी पी, इकडे करंगळी, तिकडेही करंगळी. त्याखाली निंबोळीच्या औषधावर 'ॲझाडिरॅक्टिन', बारा अक्षरांत तीन ए आणि एक झेड. माझा नंबर आला तेव्हा मी काय घ्यायला आलो होतो ते मला आठवेना. दुकानदाराने कागदाचा तुकडा दिला आणि मी फळीवरची नावे उतरवून घेऊ लागलो, तेव्हा मागच्या माणसाने तपासणीला साहेब आले आहेत असे समजून चप्पल सावरली.

घरी आल्यावर, ही दुर्मीळ अक्षरे याच फळीवर इतकी दाटीने का, याचा मी मागोवा घेतला. नत्राला रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी फ्रेंचमध्ये 'अझोत' असे नाव दिले होते, कारण त्या वायूत प्राणी जगत नाहीत. इंग्रजीत नायट्रोजन हे नाव रुळले, पण नत्रयुक्त संयुगांच्या नावांत 'अझ' हा तुकडा मागे राहिला आणि इमॅझेथापायरमधला झेड तिथून आला. क्विझालोफॉपचा आरंभ 'क्विनॉक्झलिन' या अणूंच्या कड्याच्या नावावरून झाला आहे आणि त्यातला क्यू क्विनीनशी नाते सांगतो. ॲझाडिरॅक्टिनची कथा निराळीच. कडुनिंबाच्या शास्त्रीय नावाच्या मुळाशी फारसी 'आझाद दरख्त' आहे, म्हणजे मुक्त वृक्ष. तिथला झेड रसायनशाळेतून आलेला नसून थेट भाषेतून आलेला आहे. ज्या झाडाखाली आमची बैलजोडी बांधलेली असते त्याच्या नावात आझादी असावी, हे वाचून मी थोडा वेळ गोठ्याकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला या तीन नावांच्या ओळी दिल्या. तिने कागद पाहिला आणि वाचायच्या आधीच हसली, कारण ही नावे तिच्या घरात दरवर्षी मृग लागल्यावर उच्चारली जात होती, अर्थात अर्ध्यावर तोडून. स्पेलिंग तिने कधी पाहिले नव्हते, पण शब्द तिचे होते. 'इमॅझेथापायर' ती पहिल्या दिवशी सतरा चुकांनी, चौथ्या दिवशी दोन चुकांनी मारू लागली. 'रॅझमॅटॅझ' हा माझा लाडका शब्द तिला शेवटपर्यंत आवडला नाही. त्याचा अर्थ सांगूनही तिच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही.

मी तिला एकच अट घातली होती: नावे दुकानातल्या फळीवरून किंवा माहितीपत्रकावरून उतरवायची, रिकामी बाटली घरात आणायची नाही. 2017 साली आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि तेव्हापासून या फळीकडे मी नुसत्या शब्दांची फळी म्हणून पाहू शकत नाही. शब्द उतरवून घेतानाही मी हात मागेच ठेवतो.

माघाच्या सुमारास, कापसाचा शेवटचा वेचा चालू असताना, ए हे अक्षर तिच्या कागदावर एस आणि डीच्या इतकेच काळे येऊ लागले. खिडकीपाशी नेऊन पाहिले तरी फरक कळत नव्हता. तेव्हा मी तिला संगणकाच्या खोलीत पाठवले. तिथे सरावाला ती सवयीने 'द क्विक ब्राउन फॉक्स जम्प्स ओव्हर द लेझी डॉग' हे चपळ कोल्हा आणि आळशी कुत्रा यांचे पस्तीस अक्षरांचे, सव्वीसही अक्षरे वापरणारे वाक्य मारी, आणि बहुतेक मुलांसारखीच 'जम्प्स'च्या जागी 'जम्प्ड' लिहून एस हरवून बसे. एक अक्षर हरवले की त्या वाक्याचा सगळा उद्देशच जातो, हे मी संस्थेतल्या प्रत्येक तुकडीला सांगतो आणि प्रत्येक तुकडी ते विसरते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती वर्गात आली आणि तिने एक चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. काकांच्या हरभऱ्यासाठी दुकानात गेली असताना बुरशीनाशकाच्या डब्यावरून नाव उतरवून आणले होते: 'अझॉक्सिस्ट्रोबिन'. ए-झेड-ओ-एक्स-वाय-एस-टी-आर-ओ-बी-आय-एन.

"सर, याच्यात पहिले दोन करंगळीचे हायेत, पण एक्स आन एस अनामिकेचे," ती म्हणाली. "कोणत्या पानावर लिहू?"

मी म्हटले, करंगळीच्या पानावर लिही. तिने लिहिले, मग पान उलटून अनामिकेच्या पानावरही लिहिले, आणि तिथे घाईत एक्सनंतरचा वाय राहून गेला.